शिधा, डाळ आणि पाला



ज्या टेकडीच्या पायथ्याशी आपण आज जमलो आहोत तिच्या माथ्यावरच्या रुग्णालयाला हिंदूराव हे नाव कसे पडले हे दिल्लीकर मराठी माणसाला बहुधा ठाऊक असते, आणि इतर दिल्लीकरांना ते ठाऊक नसते याचा त्याला थोडासा अभिमानही असतो. विल्यम फ्रेझर नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याची हवेली, १८३५ साली त्याचा खून झाल्यावर, कागलकर घाटगे घराण्यातील हिंदूराव यांनी, म्हणजे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या बंधूंनी, घेतली. पुढे १८५७ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रजी फौजेने याच हवेलीत मोर्चे बांधून दिल्लीला शह दिला. आणि कालांतराने सरदाराच्या वाड्याचे नाव नगरपालिकेच्या दवाखान्याला चिकटून राहिले. आता त्या दरवाजातून सरंजामी स्वारी जात नाही. मलकागंज, सब्जीमंडी, आझाद मार्केट, किशनगंज येथली माणसे हातात केसपेपर घेऊन जातात.

याच १८५७ साली, दिल्लीच्या तोफांचा आवाज जेथे पोहोचणे शक्य नव्हते अशा सॅक्सनी देशात, अर्न्स्ट एंगेल नावाच्या एका संख्याशास्त्रज्ञाने मजूर कुटुंबांचे जमाखर्च तपासून एक सिद्धान्त प्रसिद्ध केला. कुटुंब जितके दरिद्री तितका त्याच्या एकूण खर्चातला अन्नाचा हिस्सा मोठा, असा तो सिद्धान्त असून पावणेदोनशे वर्षांत तो कोणी खोटा पाडलेला नाही. आपल्याकडच्या २०२२-२३ च्या कुटुंब-उपभोगखर्चाच्या पाहणीत अन्नावरचा खर्च खेड्यांत शेकडा ४६ आणि शहरांत शेकडा ३९ असा निघाला. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीत सचिवालयातला अधिकारी आणि सदर बाजारातला झल्लीवाला हमाल एकाच पंगतीला बसलेले असतात. ज्या घरात शंभरांतले साठ-सत्तर रुपये चुलीकडेच जातात, त्या घराने आरोग्यदायक आहार घ्यावा म्हणजे नेमके काय करावे, हा आजचा माझा विषय आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे उत्तरार्धात कोणाला डुलकी लागली तरी माझी तक्रार राहणार नाही. गेल्या दीडशे वर्षांत सरकारने आणि पंडितांनी गरिबाचे पोट किती धान्याने भरते याचा हिशेब पुष्कळ केला, आणि तो करता करता धान्याची सोय बऱ्याच अंशी लावूनही दिली. परंतु पोट भरणे आणि शरीर पोसणे यांतले जे अंतर आहे, त्याचा खर्च मात्र सर्वस्वी त्या घरावरच राहिला. ते अंतर मुख्यतः डाळीचे, पाल्याचे आणि तेलाचे आहे. आणि गरीब घरात या तीन जिनसा कमी पडतात त्याचे कारण अज्ञान आहे असे जे आपण सुखवस्तू लोक समजतो, ते मला मान्य नाही.

हिशेबाची ही परंपरा जुनी आहे, आणि तिचा आरंभ फारसा मंगल नाही. १८७७ च्या जानेवारीत, दक्षिणेत दुष्काळ पेटलेला असता, सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा एवढे बस्स आहे असे ठरविले. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी, एवढ्या अन्नावर दिवसभर खडी फोडणारा माणूस जगणार नाही, आणि नुसते धान्य म्हणजे आहार नव्हे, असा कडाक्याचा वाद घातला. मुंबई इलाख्यात तर हजारो मजुरांनी या मजुरीवर राबण्याचे नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांच्या धुरीणत्वाखाली, सरकारदरबारी अर्जांवर अर्ज गुदरले. पोटात किती घातले म्हणजे माणूस मरत नाही हा सरकारचा प्रश्न होता, आणि किती घातले म्हणजे तो काम करू शकतो हा डॉक्टरांचा; तो धडधाकट केव्हा राहतो हा तिसरा प्रश्न त्या काळी कोणाच्या टिपणात आला असल्यास तो कॉर्निशसाहेबांच्याच. त्याच सुमारास, १८७६ मध्ये, दादाभाई नौरोजींनी मुंबईत हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. हिंदी रयतेचे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये, आणि तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च त्याहून अधिक, ही त्यांची मांडणी सरकारच्याच दप्तरातून काढलेली असल्यामुळे तिला उत्तर देणे सरकारला जड गेले.

विलायतेत रौंट्री नावाच्या समाजसंशोधकांनी १८९९ मध्ये यॉर्क शहराची पाहणी केली, तेव्हा केवळ शरीर टिकवण्यापुरती जी दारिद्र्यरेषा त्यांनी आखली तिच्यात ताज्या मांसाला जागा नव्हती. आणि त्या रेषेवर राहणाऱ्या कुटुंबाने आगगाडीत बसता कामा नये, वर्तमानपत्र घेता कामा नये, परगावच्या मुलाला पत्र घालता कामा नये, कारण टपालाच्या तिकिटाला पैसा उरत नाही, हे त्यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवले. रेषा आखणाऱ्यांत असा प्रामाणिकपणा पुढे विरळ होत गेला.

आपल्याकडे या विषयातले मोठे काम मराठी माणसांच्या हातून झाले, आणि त्यांतले दोघे तर साताऱ्याकडचे. वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीळकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरचा जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात दरडोई २२५० उष्मांक देणारा आहार ज्यांना परवडतो ते रेषेच्या वर, असे गृहीत धरले होते. १९६०-६१ च्या भावाने त्यासाठी खेड्यात वर्षाला १८० आणि शहरात २७० रुपये लागत, म्हणजे शहरात दिवसाला सुमारे पाऊण रुपया. बुध गावचे पां. वा. सुखात्मे हे आधी याच दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम करीत होते, नंतर रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. साऱ्या जगात प्रथिनांच्या तुटवड्याचा गवगवा चालू असता त्यांनी असे दाखविले की, जो हिंदी माणूस आपला नेहमीचा आहार पोटभर खातो त्याला प्रथिनेही बहुधा पुरतात, आणि खरा तुटवडा पोटभर अन्नाचाच आहे. पुढे पुण्याला परत आल्यावर, माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक आपल्याआप कमीजास्त होत असते, सबब सरासरीच्या खाली दिसणारा प्रत्येक जण उपाशी समजू नये, असेही ते म्हणू लागले, तेव्हा मात्र दांडेकरांनी १९८१ मध्ये त्यांचा खरपूस समाचार घेतला. दोन सातारकरांचा हा वाद वाचताना आजही रंगत येते. मात्र ज्याच्या पोटावरून तो चालला होता तो गृहस्थ त्या वादात कोठेही बोलत नाही.

तिसरे नाव सुरेश तेंडुलकर यांचे. या टेकडीवरून उतरले की विद्यापीठाच्या आवारात दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स लागते. तेथे त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले, आणि २००९ मध्ये त्यांच्या समितीने दारिद्र्यरेषेची उष्मांकाशी बांधलेली गाठ सोडून प्रत्यक्ष खर्चाशी बांधली. २०११ च्या जूनमध्ये ते वारले, आणि सप्टेंबरात नियोजन आयोगाने त्याच रीतीने काढलेला आकडा सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर सांगितला: शहरात दिवसाला ३२ रुपये, खेड्यात २६. देशभर गहजब झाला. हा आकडा गरिबांची संख्या मोजण्याचे एक साधन आहे, कोणाच्या जेवणाचे अंदाजपत्रक नव्हे, हे समजावून सांगण्यास ते हयात नव्हते, आणि असते तरी कोणी ऐकून घेतले असते असे मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी दिल्ली सरकारने अन्नश्री या नावाने गरीब कुटुंबाला महिना सहाशे रुपये रोख देण्याची योजना काढली, आणि तेवढ्यात पाच माणसांचा डाळ-रोटी-भात निघतो असे तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या तोंडून निघाले, त्याचीही अशीच शोभा झाली. असले आकडे उच्चारणाऱ्याने आधी एक महिनाभर पिशवी हातात घेऊन बाजारात जावे, एवढीच लोकांची अपेक्षा असते, आणि ती गैरवाजवी नाही.

आता प्रत्यक्ष स्वयंपाकघरात येऊ. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवर दरमाणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पाच किलोला तिसांनी भागले तर दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम येते, आणि त्यातून साधारण साडेपाचशे उष्मांक मिळतात. शहरी माणसाला २१०० लागतात असे सरकारचेच जुने माप आहे. म्हणजे सरकार पाव पोट भरते आणि पाऊण पोट घरधन्याने भरावयाचे असते. हे उपकार नाहीत असे मी म्हणत नाही. २०२० च्या टाळेबंदीत याच धान्याने लाखो घरे तगली. परंतु मोफत धान्य मिळाले म्हणजे आहाराचा प्रश्न मिटला, असे ज्यांना वाटते त्यांनी हा भागाकार एकदा स्वतः करून पाहावा.

उरलेली पाऊण भूक भागविताना बाजार काय शिकवतो ते पाहा. दिल्लीच्या किराणा दुकानांत सुटे गव्हाचे पीठ आज किलोला ३५ ते ४० रुपये, हरभऱ्याची डाळ ८० ते १००, अंडे अदमासे सात रुपये, आणि साधे दूध लिटरला पंचावन्न-साठ रुपयांच्या घरात आहे. एका अंड्याच्या सात रुपयांत सहा ग्रॅम प्रथिने येतात. त्याच सात रुपयांच्या दुधात चार ग्रॅमही धड येत नाहीत. सात रुपयांच्या हरभरा डाळीत पंधरा-सोळा ग्रॅम येतात, आणि सोयाबीनच्या वड्यांत पंचवीसच्या वर. आणि सात रुपयांच्या गव्हाच्या पिठात? वीसच्या आसपास. डाळीपेक्षा अधिक! हा हिशेब प्रथम मांडला तेव्हा मी चकित झालो. मग सुखात्मे काय म्हणत होते ते उमगले, आणि गरीब घरातली बाई पोळ्यांचा ढीग वाढवून डाळीचे पाणी का पातळ करते तेही उमगले. तिला पोषणशास्त्र कळत नाही असे नाही. बाजारभावाने जे सांगितले ते तिने अक्षरशः पाळलेले असते.

मात्र बाजारभावाला एक गोष्ट कळत नाही. गव्हातल्या प्रथिनात लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत मुबलक असते. आणि डाळीत जे कमी ते गव्हात असते. तीन-चार भाग धान्याला एक भाग डाळ पडली की दोहोंचे मिळून होणारे प्रथिन एकेकट्यापेक्षा अधिक अंगी लागते. भाकरीबरोबर पिठले, पोळीबरोबर आमटी, तांदळाबरोबर मूग घालून खिचडी, बिहारी मजुराचे सातूचे पीठ आणि त्यात कांदा-लिंबू: ही सारी जोडणी शास्त्राच्या आधी शेकडो वर्षे स्वयंपाकघरांनी जमवून ठेवली होती. महाराष्ट्र सरकारने १९९५ मध्ये रुपयात झुणका-भाकर आणि २०२० मध्ये दहा रुपयांत शिवभोजन थाळी काढली, तेव्हा राजकारण काहीही असो, ताटातली जोडी बरोबर होती. म्हणून मोफत धान्यामुळे हातात जे चार पैसे सुटतील त्यांचा पहिला मान डाळीचा. चार माणसांच्या घरात दिवसाला पाव किलो डाळ म्हणजे आजच्या भावाने वीस-पंचवीस रुपये. तूर महाग असेल तर मसूर, मसूर महाग तर हरभरा, तोही परवडत नसेल तर सुका पांढरा वाटाणा. तुरीच्या वरणावाचून जेवण नाही हा आपला ब्राह्मणी हट्ट आहे आणि आहारशास्त्रात त्याला काडीचा आधार नाही. रुग्णालयाच्या फाटकाबाहेर मटर-कुलच्याची गाडी लावणारा, मैद्याचा कुलचा वगळल्यास, उत्तम आहारतज्ज्ञ आहे: शिजवलेला वाटाणा, वर कच्चा कांदा, कोथिंबीर आणि पिळलेले लिंबू.

लिंबाचा उल्लेख मी मुद्दाम केला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शेकडा ५७ स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या, आणि पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण ६७ टक्के. आपल्या शाकाहारी ताटात लोह अगदीच नसते असे नाही. ते असते, पण अंगी लागत नाही. लिंबू, आवळा, हिरवी मिरची यांतले क जीवनसत्त्व त्याच घासाबरोबर पोटात गेले तर तेच लोह अधिक शोषले जाते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच वाया जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवण्यास एक पैसाही लागत नाही. दिल्लीतल्या भाजीवाल्याची एक रीत मला फार आवडते: पाव किलो बटाटे घेतले तरी तो न मागता मूठभर कोथिंबीर आणि चार मिरच्या वर टाकतो. गिऱ्हाइकाला तो चवीचा भाग वाटतो, भाजीवाल्याला गिऱ्हाईक टिकविण्याचा; पण ज्या घरात फळ म्हणून काही येत नाही, त्या घरात त्या चार मिरच्या आणि ती कोथिंबीर हीच त्या दिवसाची क जीवनसत्त्वाची बेगमी असते. ती आमटीत उकळू नये, वरून कच्ची घालावी.

आणि त्याच भाजीवाल्याच्या गाडीखाली पाहावे. हिवाळ्यात संध्याकाळी मलकागंजच्या बाजूने गेलो म्हणजे मला दिसते की, मुळ्याचा लांबसडक हिरवागार पाला गिऱ्हाइकासमोर मुरगळून तोडून खाली टाकलेला असतो, फुलकोबीची पाने सुरीने छाटून त्यांचा ढीग झालेला असतो, आणि एखादी गाय निर्वेधपणे तो चरत असते. गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असतात ते पांढऱ्या मुळ्याचे आणि पांढऱ्या फुलाचे. लोह, कॅल्शियम, अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल हे सारे पाल्यात, आणि पाला गाईच्या पोटात. आपल्याकडे मुळ्याच्या पाल्याची भाकरीबरोबर खायची परतलेली भाजी, चाकवताची ताकातली पातळ भाजी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची वाळवून ठेवलेली भाजी, ही गरिबाघरची नेहमीची पक्वान्ने होती. चाकवत म्हणजेच इथला बथुआ. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तो दिल्लीत ढिगांनी येतो, कणकेत मळून त्याची पोळी केली तर भाजीचे इंधनसुद्धा वाचते. अंधार पडू लागला की मंडईत ढेऱ्या लागतात. दिवसभर उन्हाने मऊ पडलेला पालक, टोमॅटो, वांगी वजन न करता वाट्यावर विकली जातात आणि भाव निम्म्यावर येतो. ज्या घरात शीतकपाट नाही त्या घराला ती त्याच रात्री शिजवून संपवावी लागतात, आणि संपविता येतात.

तेलाविषयी मी थोडक्यात सांगतो. सुखवस्तूंना तेल कमी खा म्हणून सांगणारे वैद्य बरोबर आहेत, पण तोच उपदेश उपासमारीच्या उंबऱ्यावरच्या दोन वर्षांच्या मुलाला लागू करणे हे अडाणीपणाचे आहे. लहान मुलाचे पोट लहान असते. नुसत्या पोळीने ते भरते पण पुरेसे उष्मांक पोहोचत नाहीत. त्याच्या मऊ खिचडीत चमचाभर मोहरीचे किंवा शेंगदाण्याचे तेल घातले की तेवढ्याच घासांत अन्न दाट होते.

एवढे सोपे असेल तर सगळी घरे असे का करीत नाहीत, असा प्रश्न सभेत नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा रागही असतो. त्याचे उत्तर शास्त्रात नाही, खरेदीच्या रीतीत आहे. महिन्याचा किराणा एकदम भरणे ही पगारदाराची चैन आहे. रोजंदारीवरचा माणूस रोज संध्याकाळी मिळालेल्या पैशांतून पाव डाळ, दहा रुपयांचे तेल, पाच रुपयांची चहापत्ती घेतो, आणि प्रत्येक पुडीमागे घाऊक भावाहून अधिक मोजतो. गरीब माणूस तीच वस्तू श्रीमंतापेक्षा महाग विकत घेतो, हे बाजारातले उघडे गुपित आहे. हरभरा स्वस्त खरा, पण तो भिजवायला रात्र आणि शिजवायला गॅस लागतो. सिलिंडर संपत आला की घरात डाळ गेली आणि बटाट्याचे काप आले हे समजावे. सकाळी सहाला कोठीवर धुणीभांडी करायला निघणारी बाई मुलांना चहाबरोबर रस्क किंवा फॅन नावाची खारी देते, कारण ते शिजवावे लागत नाही. मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरांनी कुन्नूरच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या एका गटाला शिखांचा आहार, म्हणजे गव्हाची पोळी, दूध, डाळ, पालेभाजी दिली, आणि दुसऱ्याला विलायतेतल्या गरिबाचा, पांढरा पाव, मार्गारिन, मुरंबा आणि गोड चहा. पहिले उंदीर गुटगुटीत झाले, दुसरे खुरटले आणि एकमेकांना चावू लागले. चहा-रस्कच्या न्याहारीला शंभर वर्षांपूर्वीच नापास केलेले आहे. पण त्या बाईला हे सांगण्यापूर्वी सहाच्या आधी उठून चूल पेटवणारे दुसरे कोण घरात आहे, हे विचारावे. आणि ताटे वाढून झाल्यावर शेवटी बसणारीही तीच असते. आमटीतली डाळ आधीच्या ताटांत गेलेली असते आणि तिच्या वाट्याला पाणी येते.

जॉर्ज स्टिग्लर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९४५ साली एक हिशेब प्रसिद्ध केला होता: १९३९ च्या भावाने, सर्व पोषक द्रव्ये पुरतील असा वर्षभराचा कमीत कमी खर्चाचा आहार कोणता? उत्तर निघाले पाच जिनसांचे: गव्हाचे पीठ, आटवलेले डबाबंद दूध, कोबी, पालक आणि सुका पांढरा घेवडा, खर्च ३९ डॉलर ९३ सेंट. म्हणजे दूध सोडल्यास दिल्लीच्या कुठल्याही गल्लीतले राजमा, पालक, पत्तागोभी आणि रोटी! फरक इतकाच की त्याच्या आहारात माणसाने रोज सुमारे साडेतीनशे ग्रॅम घेवडा खावा अशी अपेक्षा होती, जी मनुष्यप्राणी पूर्ण करणार नाही, आणि असा आहार कोणावर लादावा असे त्याचेही म्हणणे नव्हते. गरिबाला सल्ला देणाऱ्यांनी हा प्रबंध जरूर वाचावा. अचूक गणित किती खाण्यालायक नसते याचा तो उत्तम नमुना आहे.

या कोंडीतून ज्यांनी आपापल्या परीने वाट काढली, त्यांत आपलीच माणसे आहेत. चांदणी चौकातल्या कूचा महाजनीच्या आसपास सोने-चांदी गाळण्याचे काम करणाऱ्या गलाई कामगारांची वस्ती आहे. विटा, खानापूर, आटपाडी या कोरडवाहू मुलखातून ही पोरे पिढ्यान्‌पिढ्या हिंदुस्थानभर गेली, तशी दिल्लीलाही आली. एका खोलीत आठ-दहा जण राहतात, चूल सामाईक, वर्गणी ठरलेली, आणि पाळीपाळीने किंवा ठेवलेल्या माणसाकडून स्वयंपाक. गावाहून चटणीचा डबा येतो. बाकी डाळ पाच-दहा किलोंनी एकदम घेतात, कांदे-बटाटे पोत्याने; म्हणजे एकट्या मजुराला जो पुडीचा भाव पडतो तो यांना पडत नाही, आणि एका कुकराच्या शिटीत दहा जणांची आमटी होते. हे कोणी पोषण म्हणून केलेले नाही, परवडते म्हणून केलेले आहे. मात्र त्याच गल्लीत बायकापोरांसह राहणाऱ्या कुटुंबाला ही सोय उपलब्ध नाही, कारण चार कुटुंबांनी एक चूल करणे आपल्या समाजात अद्याप रीतीला धरून नाही. जातीचे सोवळे-ओवळे आणि भाड्याच्या खोलीतला दाराआडचा संकोच, दोन्ही आड येतात.

घराला जे सांगायचे ते मी सांगितले. ते थोडे आहे. सरकारला जे सांगायचे तेही थोडेच आहे. शिधापत्रिकेवर धान्याबरोबर डाळ आणि तेल द्यावे. तमिळनाडूत २००७ पासून रेशनवर सवलतीच्या दराने तूरडाळ आणि पामतेल मिळते. छत्तीसगडने आपल्या २०१२ च्या कायद्यातच डाळीला स्थान दिले. दिल्लीत अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ७२ लाख माणसे येतात. दरमाणशी महिना एक किलो डाळ धरली तर महिन्याला सात हजार टनांच्या आसपास लागेल. हा बोजा मोठा आहे, आणि डाळ गव्हाइतकी टिकत नाही, तिला कीड लवकर लागते, हीही अडचण खरी आहे. परंतु अख्खा हरभरा टिकतो, आणि भाजलेला हरभरा तर न शिजवता खाता येतो. ज्या घरात सिलिंडर संपला आहे त्या घरातही. हे नवे नाही. २०२० च्या जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत, टाळेबंदीनंतरच्या पाच महिन्यांत, केंद्र सरकारने मोफत धान्याबरोबर प्रत्येक शिधापत्रिकेमागे महिना एक किलो अख्खा हरभरा दिला होता. नोव्हेंबरनंतर तो बंद झाला; शिधापत्रिकेवरचे धान्य मात्र चालू राहिले, आणि आजही चालू आहे.